फुई येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना अर्ज आहे. जुना म्हणजे फक्त चौतीस दिवसांचा. पण माझ्यासारख्याचं आयुष्यच मुळी तीस दिवसांचं असतं.

गिरणीच्या कचेरीत छापून निघालो आणि तिथंच कामाला असलेल्या कुंदनच्या हातात आलो. तो हसत होता. सकाळीच त्याला मुलगी झाली होती. लग्नानंतर माझ्याच एका भावंडानं त्याच्या आरोग्य विम्यात काजलचं नाव चढवलं होतं. आता बाळाला मी चढवायचं. केवढा मान! सारंगखेड्याच्या घरी त्यानं मला देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

पहिला दिवस.

कुंदननं पेन काढलं. नावाच्या रकान्यापाशी थांबला.

"आई, नाव काय लिखू?"

"यडा शे का तू?" गजराबाई कडाडल्या. "फुई उनी नही अन् नाव लिखस? कोकिळा येई, पाळनामा टाकी, कानमा सांगी, मंग लिख."

बाळाचं नाव फुईनं, म्हणजे बापाच्या बहिणीनं ठेवायचं. त्याआधी ते कागदावर आलं तर बाळाचं आयुष्य घटतं, असं गजराबाई मानत.

पेनाला टोपण लागलं.

माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: नाव ठेवले नसल्यास 'नवजात मुलगी' असे लिहावे. मुदत जन्मापासून तीस दिवस.

मला कुणी उलटलं नाही.

बारावा दिवस.

पाळणा सजला. कोकिळा सुरतेहून निघणार, तोच तिचे सासरे वारले. सुतक. पाळणा पुन्हा रिकामा, बाळ पुन्हा आईच्या कुशीत.

सव्विसावा.

सुतक फिटलं, तर गजराबाईंना दिवस पसंत पडेना. काजल हळूच म्हणाली, "अहो, तो कागद देई द्या ना."

"तुले भलती घाई!" सासूबाई हसल्या. "पोर काय नोकरीले लागनी का?"

कुंदनही हसला. मी खिळ्यावर फडफडलो. वारा होता, असं त्यांना वाटलं.

तिसावा.

काही घडलं नाही. मित्रांनो, मला त्याच दिवसाची सर्वांत जास्त भीती वाटते.

बत्तिसावा.

बाळाच्या श्वासात बारीक शिट्टी वाजू लागली. तिनं दूध सोडलं.

तेहेतिसावा.

नंदुरबारचा दवाखाना. विम्याच्या खिडकीत उमाकांत नावाचे गृहस्थ होते. "कार्डावर तुम्ही दोघंच आहात. बाळ कुठाय?"

कुंदननं मला पुढं सरकवलं. "नाव ठेवायचं राहिलं होतं, साहेब."

उमाकांतांनी मला उलटलं. पहिल्यांदाच. वाचलं. चष्मा काढला.

"नाव नकोच होतं, भाऊ. हा अर्ज तीन दिवस आधी हवा होता, एवढंच."

गजराबाई खिडकीला चिकटल्या. "सायेब, मन्ही चूक शे. मी आते सांगस नाव. लिखी घ्या."

"आजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आता नावानं काही होत नाही."

चौतिसावा. आज.

ती काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर धुळ्याला न्यायला सांगतात. विमा नाही म्हटल्यावर कुंदन बाहेर पैशांसाठी फोनवर फोन लावतोय. मी काजलच्या मुठीत आहे, घामानं माझी अक्षरं फुटू लागली आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरी लग्न होईल, बाळ येईल, नोकरी बदलेल, कुणी कायमचं जाईल. त्या गडबडीत माझ्यासारखा एखादा कागद येईल. त्याला मान नका देऊ, खिळ्याला नका लावू. त्याची पाठ वाचा. आम्हाला हाक मारता येत नाही.

आत तिच्या पेटीजवळचं यंत्र वाजू लागलंय. काजल उभी राहिली.