हिरव्या खुणेचा चमत्कार

अमेरिकेतल्या मॅरिएटा गावी ल्युथरन चर्चच्या सभागृहात त्या सकाळी बसायला जागा नव्हती. गावातले दीडएकशे दुकानदार आणि ठेकेदार पॅनकेक चापत होते, आणि मंचावर ब्रँटली कोट्स नावाचा पांढऱ्या बुटांचा माणूस डोळे मिटून उभा होता.

"पुढं या, हार्लन योडर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमचा गालिच्यांचा धंदा. चौदा कंत्राटी कारागीर. आणि तुमच्या करक्रमांकाचे शेवटचे आकडे... यंत्र सांगतंय... चार, शून्य, नऊ, दोन!"

हार्लन माझे मालक. त्यांच्या हातातला काटा खाली पडला. "बरोबर आहे! देवाशपथ बरोबर आहे!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोट्समहाराजांनी डोळे उघडले.

"मित्रांनो, कारागिराकडून नाव-नंबराचा कागद मागा, तो तपासा, वर्षाला त्याला किती दिलं ते जानेवारीत सरकारला कळवा. किती हा छळ! माझं यंत्र कागद स्वतः मागतं, स्वतः तपासतं, स्वतः पाठवतं. तुम्ही फक्त ही बघायची." पडद्यावर मोठी हिरवी बरोबरची खूण उमटली. "हिरवी दिसली, की निवांत झोपायचं."

मी मर्ल, योडरांच्या दुकानात बावीस वर्षं हिशेब लिहितो. मी हात वर केला. "आणि नंबर चुकीचा असला तर?"

"तर हिरवी येणार नाही, आजोबा," कोट्स म्हणाला, आणि सगळे माझ्यावर हसले. हार्लन सर्वांत मोठ्यानं. त्यांनी तिथंच तीन वर्षांचा करार केला.

दुसऱ्या दिवशी कोट्सची माणसं दुकानात आली. "जुने कागद फाडा," म्हणाली. "यंत्र सगळं नव्यानं गोळा करतं." मी फाडले. त्यात लोरेटा प्रुइटचा कागदही होता. ती आमच्याकडं गालिचे बसवायची. सबंध दिवस गुडघ्यांवर. त्या कागदावर तिच्याच अक्षरात तिचा बरोबर नंबर होता, आणि मी तो कागद कापायच्या यंत्रात घालून त्याच्या शेवया केल्या. नोकरी टिकवायची होती, दुसरं काय?

गावात लोरेटा प्रुइट दोन. दुसरी ही घरं रंगवणारी, पाच ठेकेदारांकडं; त्यांनीही कोट्सचंच यंत्र घेतलेलं. जानेवारीत यंत्रानं दोघींचं उत्पन्न आमच्या लोरेटाच्या नंबरावर चढवलं आणि हिरवी खूण दिली. जूनमध्ये सरकारनं लोरेटाला कळवलं : तुमचं उत्पन्न फार आहे, गरिबांसाठीची आरोग्य योजना बंद. लोरेटाला मधुमेह. तिचं इन्सुलिन त्या योजनेवर चालायचं.

ती दुकानात आली. "साहेब, मी एवढं कमावलेलंच नाही. दुसरीचे पैसे माझ्या नावावर टाकलेत. जरा बघा ना."

हार्लननी खुर्चीतून न उठता पडदा तिच्याकडं फिरवला. "हिरवी आहे, लोरेटा."

"पण मी सांगतेय ना..."

"मग यंत्र खोटं, आणि तू खरी?"

ती आणखी दोनदा येऊन गेली, उत्तर तेच. सरकारी कचेरीतही हेच झालं. जिथं जाईल तिथं हिरवी खूण तिच्याआधी पोचलेली. ती इन्सुलिन अर्धं अर्धं घेऊ लागली. काम मात्र पूर्ण करायची. मधुमेहानं बधिर झालेल्या पायात खिळा घुसला, तो कळलाही नाही, आणि जखम चिघळली. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली काढला. हार्लननी फुलं पाठवली आणि तिच्या जागी दुसरा माणूस घेतला. "धंदा थांबत नाही, मर्ल," एवढंच म्हणाले.

व्हर्ना स्टोल्ट्झबाई हायस्कुलात हिशेब शिकवायच्या. शनिवारी वाचनालयात गरिबांचे कर-अर्ज फुकट भरून द्यायच्या. लोरेटानं तिची सगळी पत्रं त्यांच्यापुढं ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली. "हे यंत्र कधी 'चूक' म्हणालंय का गं?"

"कधीच नाही, बाई."

"मग त्याला एकदा चूकच देऊन बघू."

ऑक्टोबरमध्ये कोट्स पुन्हा आला. तेच सभागृह, तेच पॅनकेक. बाई स्वतःहून मंचावर गेल्या. कोट्सनं डोळे मिटले. "व्हर्ना स्टोल्ट्झ... शेवटचे आकडे... पाच, पाच, सहा, एक!"

"नाहीत," बाई म्हणाल्या. "ते मी दारावर सोडतीच्या चिठ्ठीवर लिहिलेत. फुकट हॅमची सोडत, मागच्या वेळीही होती, आठवते? चिठ्ठीवर 'ओळखीसाठी' शेवटचे चार आकडे मागितलेत. मी खोटे लिहिले. तुमच्या यंत्राला तेच खोटे कसे दिसले?"

"खाली बसा, बाई!" कुणीतरी ओरडलं. "जळते मेली!" दुसरं कुणी म्हणालं. पैसे भरलेल्यांना देव खोटा निघालेला चालत नाही.

बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी मंचावरच्याच यंत्रात कारागिराचा अर्ज भरला. "नाव : बिस्किट. हा माझा कुत्रा. गेल्या वर्षी वारला. नंबर : नऊ शून्यं." पाच सेकंद गेले. हिरवी खूण. मग नाव, नंबर दोन्ही कोरे ठेवून पाठवलं. पाच सेकंद. हिरवी. "हे कुणालाही विचारत नाही," बाई म्हणाल्या. "पाचपर्यंत मोजतं आणि हिरवं होतं. नंबर नसला, की त्याच नावाचा जो पहिला सापडेल त्याचा चिकटवतं. लोरेटाच्या पत्रांत तेच दिसतं."

मग मात्र एकच गोंधळ उडाला. कोट्सच्या कोटाची बाही फाटली, तो स्वयंपाकघराच्या दारानं पळाला. सगळे आपापल्या कराराबद्दल ओरडत होते. मागच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत लोरेटा बसली होती. तिच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही.

बाहेर पडताना हार्लन तिच्यापाशी थबकले. "तू तेव्हाच जरा नीट सांगायला हवं होतंस गं."

"सांगितलं होतं, साहेब," लोरेटा म्हणाली. "तीन वेळा. तुम्ही पडद्याकडं बघत होता."

योजना तिला डिसेंबरात परत मिळाली. पाय परत मिळण्याची सोय कुठल्याच कचेरीत नाही.

यंत्रं वाईट नसतात. खरोखर नंबर तपासणारीही असतात, आणि ती माझ्यापेक्षा भराभर तपासतात. पण जे कधीच 'नाही' म्हणत नाही, त्याच्या 'हो'ला काडीची किंमत नाही, मग ते बाबा असो की पडदा. विश्वास टाकण्याआधी त्याला एक धडधडीत खोटी गोष्ट देऊन बघा. आणि समोर उभं राहून जिवंत माणूस 'हे चूक आहे' म्हणत असेल, तर आधी कागद काढून त्याचं म्हणणं तपासा. मी तो कागद फाडला होता. तुम्ही फाडू नका.