नवरदेवाचा अंगरखा

मी एक जुना अंगरखा आहे. अंगरखा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादा राजाबिजा येईल, पण मित्रांनो, तसे काही नाही. मी तुमच्या तळहातावर आरामात मावतो. मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हे काय, बाहुलीचं का?" मी बाहुलीचा नाही. पाळलेल्या पक्ष्याला मोकळ्या हवेत नेताना तो उडून हरवू नये, म्हणून त्याच्या अंगात घालायचा पोशाख म्हणजे मी. माझ्या पाठीवर एक बारीक कडी आहे. त्या कडीत दोरी अडकवायची आणि दोरीचे दुसरे टोक माणसाने मनगटात घालायचे. शेपटीखाली मला एक खिसाही आहे. तो कशासाठी ते मी सांगणार नाही. पक्षी खांद्यावर बसवून फिरल्यावर ज्याने आपला शर्ट स्वतः धुतला असेल, त्याला ते आपोआप कळेल.

मला शिवले एका सुनेने. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती. ढगळ कपडे आत घ्यायचे, आखूड झालेले खाली सोडायचे, बिघडलेल्या चेनी बदलायच्या, हे तिचे काम. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने तो समुद्रात असे. घरात उरत ती आणि तिचे सासरे, अण्णा.

अण्णांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. गावातल्या उंच इमारती ते नावाने नव्हे, तर मोटरच्या आवाजाने ओळखत. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत न्हाणीघरात पाय घसरून गुडघा मोडला. गुडघा जुळला, पण अण्णा खिडकीपाशी खुर्चीत जे बसले ते बसलेच. सून आणि सासरे दोघेही स्वभावाने चांगले, पण दोघांत बोलायला विषयच नव्हता. "वाढू का?" "वाढ." एवढ्यावर त्यांचा दिवस संपायचा.

हे पाहून मुलाने एका सुट्टीत एक पक्षी आणला. कॉकाटिएल म्हणतात त्याला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या. "तुम्हाला सोबत," म्हणून मुलगा बोटीवर निघून गेला. अण्णांनी पक्ष्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "हा तर लग्नाला उभा राहिल्यासारखा दिसतोय." तेव्हापासून त्याचे नाव नवरदेव पडले.

नवरदेवाची सोबत छानच होती, पण काही महिन्यांनी त्याची दांडीवरची पकड सुटू लागली. बसल्या बसल्या तो तोल जाऊन पिंजऱ्याच्या तळाशी पडायचा. सून त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. अण्णाही गेले, अगदी नाइलाजाने, रिक्षातून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडं कमकुवत झालीत याची. ऊन मिळत नाही याला."

"खिडकीतच तर असतो की दिवसभर," अण्णा म्हणाले.

"काचेतून आलेलं ऊन काही उपयोगाचं नाही, अण्णा. बाहेर न्यायला हवं. रोज."

सुनेने हळूच सासऱ्यांकडे पाहिले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी अण्णांना हेच, अगदी याच शब्दांत सांगितले होते. अण्णा छताकडे बघत बसले. पण पक्ष्याला बाहेर न्यायचे तर दिवसा घरी असणारे माणूस एकच होते, आणि ते खुर्चीत बसलेले होते. हे अण्णांनाही समजत होते.

अशी माझ्या जन्माची वेळ आली. दुकानात कुणाच्या तरी पोहण्याच्या पोशाखाचे कापड उरले होते. निळेशार, ताणले तर ताणणारे, सोडले तर पुन्हा जागेवर येणारे. सुनेने माप घ्यायची पट्टी काढली आणि नवरदेवाची छाती मोजायला गेली. नवरदेवाने पट्टीचा कोपरा कुरतडून टाकला.

खरी गंमत पुढेच आहे. बाई हाताची पक्की, पण तिने आयुष्यात फक्त माणसांचे कपडे शिवले होते. तिने मला चक्क बाह्या लावल्या! पक्ष्याचा पंख बाहीत कसा राहणार? नवरदेव बाह्या घालून दोन्ही पंख पसरून उभा राहिला, जणू कुणी त्याची झडती घेत होते. बाह्या गेल्या. मग तिने पोटावर एक देखणे बटण लावले. ते त्याने उपटून अण्णांच्या चहात टाकले. बटणही गेले, त्याच्या जागी चर्र आवाज करणारी चिकटपट्टी आली. पुढे माणूस सुटला तर उसवता यावे, म्हणून शिवणीत आत कापड सोडायची तिची सवय. त्या कापडाने पिसे उलटी फिरू लागली.

"अगं, हा काय पुढच्या वर्षी मापाबाहेर जाणारे का?" अण्णा हसत म्हणाले.

ती आधी वरमली आणि मग मोठ्याने हसली. अण्णाही हसले. त्या घरात दोघांनी एकदम हसण्याची ती पहिलीच वेळ होती, मित्रांनो. मी तेव्हा अर्धवट उसवलेला होतो, तरी मला फार बरे वाटले.

पोशाख तयार झाला म्हणजे अंगावर चढला असे नाही. नवरदेव मला पाण्यात पाहायचा. मी दिसलो की तुरा सपाट करून फिस्कारायचा. अण्णांनी घाई केली नाही. त्यांनी मला नुसते पिंजऱ्याजवळ ठेवले. काही दिवसांनी माझ्यावर राळ्याचे कणीस ठेवले. मग माझ्या आत. कणसाच्या मोहाने नवरदेव एकेक पाऊल पुढे येऊ लागला आणि एका सकाळी त्याने माझ्या गळ्यातून डोके बाहेर काढले. दाणे खाण्याच्या नादात आपण कपडे घातलेत हे त्याच्या लक्षातच आले नाही. अण्णांनी चिकटपट्टी लावली, श्वास रोखून, एखादी नाजूक तार जोडावी तशी.

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. रोज ऊन जरा उतरले की अण्णा काठी घेत, नवरदेवाला माझ्यात चढवत आणि आम्ही तिघे जवळच्या बागेत जात असू. पहिल्या दिवशी अण्णा फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. पुढे बाक गाठला, त्यापुढे कारंजे. नवरदेव खांद्यावर बसून शीळ घालायचा, मध्येच उडायचा, दोरीच्या टोकाला असलेले रबर त्याला अलगद थांबवायचे, की पुन्हा गिरकी घेऊन खांद्यावर. त्याच्या छातीची धडधड मला आतून ऐकू यायची. ते उडणे जरी त्याचे असले, तरी थोडे माझेही होते. बागेतली मुले मला हात लावून बघायची. एका आजींनी तर "कुठे मिळतो हो हा?" म्हणून विचारले. अण्णा ऐटीत म्हणाले, "मिळत नाही. आमच्या सूनबाईंनी शिवलाय." घरी आल्यावर त्यांनी हे सुनेला जसेच्या तसे सांगितले. आता दोघांना जेवताना बोलायला विषय असायचा. नवरदेव कुणावर फिस्कारला, कुणाच्या टोपीवर बसला, हे सांगता सांगता ताटे वाळून जायची.

पण कौतुक वाढले की माणूस जरा सैल पडतो. बाकावर अण्णांच्या शेजारी एक चष्मेवाले काका बसायचे. त्यांना टोचून बोलण्याची भारी हौस.

"काय हो, इतका माणसाळलाय म्हणता आणि वर दोरी बांधता? तुमचा त्याच्यावर विश्वास नाही, की त्याचा तुमच्यावर?"

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दोरीशिवाय कुठे जात नाही तो. उद्या दाखवतोच."

त्यांचा हिशेबही अगदी चुकीचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मागे नवरदेवाच्या पंखांतल्या पिसांची टोके कापून दिली होती, त्यामुळे तो छोट्या गिरक्या घेई, पण लांब उडू शकत नसे. अण्णा पडले यंत्राचे माणूस. एकदा कापलेली वस्तू कापलेलीच राहते, असे त्यांनी गृहीत धरले. पण पक्ष्याची पिसे झडतात आणि त्यांच्या जागी नवी, पुरी लांबीची येतात. ती आलेली मला माहीत होती, कारण ती माझ्याच कडेला घासत होती. पण मी बोलणार कसा?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि नवरदेवाला तसेच खांद्यावर घेतले. बागेत सगळे ठीक चालले होते. चष्मेवाले काका मान डोलावत होते. तेवढ्यात वरून एक घार गेली. तिने काही केले नाही, फक्त तिची सावली गवतावरून सरकली. नवरदेव किंचाळला आणि खांद्यावरून जो उठला, तो कारंज्यावरून, भिंतीवरून, इमारतींच्या पलीकडे दिसेनासा झाला. मी खिशात होतो. अण्णांचे काळीज माझ्यापलीकडे धाडधाड वाजत होते.

अण्णांनी फोन केला, तशी सून दुकानातून धावत आली. ती एका शब्दाने बोलली नाही. तिला भीती वेगळीच होती. नवरदेव मिळाला नाही, तर अण्णा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत.

"अण्णा, आता घरी जायचं नाही," ती म्हणाली. "वर बघत चला."

अण्णा चालले. ज्या इमारतींच्या लिफ्ट त्यांनी दुरुस्त केल्या होत्या, त्या एकेका इमारतीत शिरले. पहारेकरी त्यांना ओळखत होते. गच्चीचे कुलूप उघडायला कुणी आडकाठी केली नाही. लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत आणि पुढचा जिना काठी टेकत. प्रत्येक गच्चीवर अण्णा शीळ घालायचे आणि कान देऊन थांबायचे. अंधार पडला, ते परत आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा निघाले.

दुपारी एका गच्चीवर उत्तर आले. बारीक, दमलेली शीळ. लिफ्टच्या मोटरची खोली असते ना, तिच्या छपरावर नवरदेव अंग चोरून बसला होता. वर जायला लोखंडी शिडी. सून भराभर चढली, तसा तो भिऊन कडेला सरकला. तिने जागीच थांबून खाली पाहिले.

"तुमच्याकडेच येईल तो."

अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग काठी भिंतीला लावली आणि शिडी धरली. सून खाली उतरून त्यांच्या मागे उभी राहिली.

"मी आहे. उजवा पाय टाका. आता डावा."

वर पोचल्यावर अण्णांनी खिशातून मला काढले आणि माझ्यावर कणीस ठेवून हात पुढे केला. नवरदेवाने मला पाहिले. या वेळी तो फिस्कारला नाही. चालत आला, माझ्या गळ्यात डोके घातले आणि पहिला दाणा फोडला. चिकटपट्टी लागली. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

"तू काहीच बोलली नाहीस मला," छपरावर बसूनच अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"घरी गेल्यावर बोलणार आहे," सून खालून म्हणाली. "आधी नीट उतरा."

आणि घरी गेल्यावर ती खरोखरच बोलली. अगदी पोटभर बोलली. अण्णांनी सगळे ऐकून घेतले.

त्यानंतर एकही फेरी माझ्याशिवाय झाली नाही. वर्षे गेली. माझा निळा रंग उडाला, दोरीचे रबर बदलले, चिकटपट्टी दोनदा नवी लागली. नवरदेव म्हातारा झाला, त्याला उडता येईना. "आता कशाला याला पोशाख?" लोक विचारायचे. अण्णा उत्तर देत नसत, माझी कडी मात्र दरवेळी ओढून बघत. मग एका शांत दुपारी नवरदेवाने अण्णांच्या ओंजळीतच प्राण सोडला. सुनेने मला धुतले, वाळवले आणि दारामागच्या खुंटीला अडकवले.

त्या संध्याकाळी अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले. दुसऱ्या संध्याकाळीही बसले. तिसऱ्या दिवशी सून दुकानातून लवकर आली. तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्याच नाहीत.

"अण्णा, चला. फिरायची वेळ झाली."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "आता कुणाला फिरवायचं, बाळ?"

"मला," ती म्हणाली. "मी पण दिवसभर मशीनपाशी बसलेली असते."

अण्णांनी तिच्या पायातल्या चपलांकडे पाहिले. मग त्यांनी काठी मागितली. दार ओढले गेले, जिन्यात दोघांचे बोलणे ऐकू आले, मग तेही दूर गेले. मी खुंटीवर एकटाच राहिलो, आणि मित्रांनो, मला त्याचे जरासुद्धा वाईट वाटले नाही.

तुमच्या घरातही कुणीतरी खिडकीशी बसलेले असेल, पंखांचे किंवा बिनपंखांचे. त्याला बाहेर न्या. नेताना मात्र त्याला नीट धरा.