निळा ठिपका

सायलीच्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दूध गोठलंय, शेक दे. तुमचं शिकलेल्यांचं उठसूट तपासणं!" तरी सुईनं नमुना काढलाच, आणि सायली नाशिकरोडच्या ज्या लॅबमध्ये कामाला होती, तिथंच तो आला. तिच्याच टेबलावर.

लॅबच्या डॉक्टर देवरे मॅडमना नमुन्याच्या काचेवर कुठं संशय आला की त्या निळ्या पेनानं तिथं ठिपका द्यायच्या. ठिपके दिलेल्या त्याच जुन्या काचा दाखवून नवा एआय शिकवला होता. आता काच आधी त्याच्याकडे जायची. त्यानं लाल चौकट काढली तर मॅडम बारकाईनं बघायच्या. हिरवं आलं तर भरभर.

मॅडम अजून यायच्या होत्या. सायलीला धीर धरवेना. तिनं स्वतःची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. एका जागी पेशी दाटीवाटीनं, काळपट दिसल्या. घाबरण्यापुरतं शिक्षण तिला होतंच. हात आपसूक मॅडमच्या निळ्या पेनाकडे गेला. ठिपका दिला, काच स्कॅन केली.

लाल चौकट. नेमकी ठिपक्याभोवती.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठिपक्याच्या जुन्या काचा बहुतेक वाईटच निघालेल्या. हा एआय पेशी बघून लाल म्हणाला, की शाई बघून?

तिनं स्पिरिटनं ठिपका पुसला, पेन एप्रनच्या खिशात टाकलं, काच पुन्हा स्कॅन केली. हिरवं.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण शाईच्या थेंबाला भुलणाऱ्याचं हिरवं तरी कसं मानायचं?

"कोणाची गं?" मागून मॅडम आल्या.

"माझी."

मॅडमनी पर्स तशीच खुर्चीवर टाकली. "मशीन काय म्हणतंय?"

लाल म्हणावं तर त्या लालच शोधणार. हिरवं म्हणावं तर... "आधी तुम्ही बघा ना, मॅडम. मग सांगते."

"भित्री भागूबाई! बस खाली."

तिला बसवेना. फोन थरथरला. सासूबाई. बाळ उठलं असणार. तिचे स्तन भरून आले होते, गाठीची बाजू ठणकत होती. तिनं फोन उचलला नाही.

मॅडम काच हळूहळू सरकवत होत्या. सरकवता सरकवता थांबल्या. थोडी मागे घेतली. पुन्हा थांबल्या. मग डोळा न उचलताच त्यांचा हात टेबलावर काहीतरी चाचपू लागला.

"सायली, माझं निळं पेन कुठंय गं?"

सायलीनं खिशातल्या पेनावर मूठ घट्ट आवळली.