गल्लीच्या टोकावरून ऐकलेली झांज

नवरा, अमृत, गेल्यापासून वृषाली कशालाही ‘चालेल’ म्हणायची. भाजीला काय करायचं, दूध कुठल्या डेअरीला घालायचं, लेकीला, संस्कृतीला, गावातल्याच शाळेत ठेवायचं की मंचरला घालायचं, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. पारगावच्या बायकांनी त्याला धीर असं नाव दिलं होतं. ‘लई धीराची हाय, डोळ्यातून टिपूस न्हाई काढलं,’ असं त्या एकमेकींना सांगत, आणि त्यातल्या निम्म्या जणी तेच वाक्य जरा वेगळ्या सुरात म्हणत. वृषालीच्या कानावर दोन्ही सूर येत आणि तिला दोन्हींचं काही वाटत नसे. गॅसवर दूध उतू जायला लागलं तर ती नुसती बघत राहायची आणि गेल्यावर ओटा पुसून घ्यायची. धीरबीर काही नव्हता तो. आतलं सगळं बधिर झालं होतं, एवढंच.

अमृत बँजो पार्टीत ड्रमसेट वाजवायचा. वरातीत टेम्पोवर पुढे बँजोवाला, बाजूला ढोलवाले आणि मागे सेट मांडून बसलेला अमृत. पार्टी त्याच्या धाकट्या भावाची, भरतची. सेट मात्र अमृतचा स्वतःचा. मागच्या गळिताच्या हंगामात, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल गेली आणि तो जागेवरच संपला.

पार्टीत कमाईचे वाटे पडतात ते दोन तऱ्हेचे, माणसाचा वाटा आणि वाद्याचा वाटा. वाजवायला कुणीही बसो, वाद्य ज्याचं त्याला त्याचा वाटा मिळतोच. म्हणजे सेट वाजत राहिला तर लग्नसराईभर वृषालीच्या घरात काहीतरी येत राहणार होतं. नाही वाजला तर भरत कितीही सख्खा दीर असला तरी पार्टीतली पोरं दुसऱ्याचा सेट आणणार, आणि मग वाटाही त्या दुसऱ्याचाच. तुळशीची लग्नं उरकली की सुपाऱ्या, म्हणजे ठरलेली कामं, सुरू होणार होती. सेट माळ्यावर घोंगडीखाली होता. ढोल धड होते, स्टँड धड होते. नव्हत्या त्या फक्त झांजा. शहरातली पोरं त्यांना सिंबल म्हणतात. पार्टीत झांजच म्हणतात.

म्हणजे झांजा होत्या, पण वाजवायची सोय नव्हती, आणि ती सोय भरतनंच घालवली होती.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर दोन कावळे बसलेले, माना वाकड्या करून बघताहेत, पण खाली यायचं नाव नाही. मग आपल्याकडे होतं तेच सुरू झालं. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय म्हणून जो तो पुढे होऊन, हात जोडून शब्द देऊ लागला. सासरे भगवंतराव म्हणाले, नातीचं शिक्षण करीन. मामा म्हणाला, गोठ्याचे पत्रे मी टाकून देतो. ते पत्रे अजून यायचेत. एका चुलत्यानं तर बांधाचं जुनं भांडणही तिथल्या तिथं मिटवून टाकलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली, तेव्हा भरत रडत ओरडला, “दादा, तुझ्या झांजांना दुसऱ्या कुणाची काठी लागू द्यायचो न्हाई!” आणि लगेच एक कावळा खाली उतरला. आता त्याला भूक लागली असेल, असं म्हणायची तिथे सोय नसते. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून अमृतच्या झांजा त्याच्या आईच्या, प्रयागबाईंच्या, जुन्या लुगड्यात बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या.

“वहिनी, नव्या झांजा बघाया तुमीपण चला जुन्नरला,” भरत म्हणाला. “दादाच्या झांजेचा आवाज तुमच्याएवढा कुणी ऐकलाय? मला तसलाच पायजे. पार्टीचा आवाज बदलला की लोक म्हणत्यात पार्टीच बदलली.”

“चालंल,” वृषाली म्हणाली.

जुन्नरच्या जुन्या पेठेत, एका अरुंद गल्लीत रखमाजींचं दुकान होतं. ढोलकीला शाई भरायची, पेटीचे सूर दुरुस्त करायचे, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांचं सामान घेऊन विकायचं, असा त्यांचा धंदा. दुकानाबाहेर पप्पू आधीच येऊन उभा होता. हा पार्टीतला नवा ड्रमवाला, बेल्ह्याचा. आजोबांनी मेंढरं राखली, बापानं शेती धरली, आणि ह्याचा हात लहानपणापासून घरातल्या ढोलावर बसलेला. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला. “मी आठ दिवस मोबाईलवर तेच बघतोय. झांज निसती मोठी असून भागत न्हाई. धातू बघायचा.”

वृषालीनं मान हलवली. तिनं कसलंच टेन्शन घेतलं नव्हतं.

“सेट कुणाचा?” रखमाजींनी विचारलं.

“ह्यांचा,” भरत म्हणाला. तेव्हा रखमाजींनी भरत आणि पप्पूकडे जवळजवळ पाठ केली आणि वृषालीसमोर स्टूल सरकवलं. वाद्य ज्याचं, बोलणं त्याच्याशी, ही त्यांची रीत होती.

“ताई, दोन प्रकार,” ते म्हणाले. “एक पितळी, ती स्वस्त. दुसरी काशाची, ती महाग. तुमच्यासारख्यांनी काय करावं, पायानं दाबायची जोडी आहे ना, ती नवी आणि बरी घ्यावी. काठी सारखी तिथंच पडते. वरची मोठी झांज वापरलेली घेतली तरी चालते. फक्त कड चाचपून बघायची आणि मधलं भोक बघायचं. चीर गेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये.”

पायाच्या जोडीचं लवकर जमलं. पप्पूनं दोनचार वाजवल्या, एक बाजूला काढली, वृषाली ‘चालंल’ म्हणाली आणि तो विषय संपला. मोठ्या झांजेपाशी मात्र घोडं अडलं. हातातल्या पैशात बसणाऱ्या तीन निघाल्या. पप्पूनं पहिलीवर काठी मारली आणि त्या एवढ्याशा दुकानात ढोलक्यांची कातडीसुद्धा घुमली.

“लई भारी!” पप्पू ओरडला.

“दुकानात सगळ्याच भारी वाटतात,” रखमाजी म्हणाले. “तुम्ही काय दुकानात वरात काढणार आहात? ताई, तुम्ही गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहा. हा इथून वाजवील. झांज लांबूनच ऐकावी.”

वृषाली उठली आणि गल्लीच्या टोकाला गेली. तिथे एक बांगड्यांचं दुकान होतं, एक मोटरसायकल वाटेत आडवी लावलेली होती. ती भिंतीला लागून उभी राहिली. भरत अधेमधे उभा राहून खुणा करत होता.

पहिली वाजली. पुष्कळ वेळ वाजत राहिली, थांबेचना. वृषालीला काही वाटलं नाही. दुसरी वाजली. ही पुण्यातल्या कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राची होती, काशाची, कडेला एका जागी कानस मारलेली म्हणून स्वस्तात आलेली. खणखणीत उघडली आणि वेळेवर मिटली. वृषालीला काही वाटलं नाही. भरतनं लांबून मान उडवून विचारलं, तिनं दोन्ही हात हलवले. कुठलीही घ्या.

मग तिसरी वाजली.

सुपारी वाजवून पार्टी परत आली की गावात शिरताना एक चाल वाजवत यायचं, अशी भरतच्या पार्टीची पद्धत होती. लांबून घरी पोचायचा तो नुसता ढोलाचा दणका. झांज फार लांब जात नाही. ती ऐकू आली म्हणजे टेम्पो शाळेच्या वळणावर आला. अमृतची झांज पितळी, पातळ, जरा खरखरणारी. ती कानावर पडली की वृषाली हातातलं टाकून तवा ठेवायची. हात धुऊन तो ताटावर बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. इतकी वर्षं हे चाललं आणि त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटलं नाही, तिलाही नाही.

ही तिसरी त्याच घडणीची होती. तीच खरखर, तसंच पातळ वाजणं. वृषालीच्या छातीत एकदम घाई उठली. पीठ मळलेलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती वळलीसुद्धा. वळल्यावर समोर बांगड्यांचं दुकान होतं आणि बांगडीवाला तिच्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं होतं, आणि वाटलं ते हेच की आला. दुखलं त्यानंतर. इतकं दुखलं की तिला भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं.

भरत धावतच आला. त्याचा चेहरा उजळला होता. “वहिनी, हीच! दादाची झांज वाजल्यागत वाजती की न्हाई? आन् तिन्हीत स्वस्त!”

“नको,” वृषाली म्हणाली.

“अवो, डिट्टो दादाची...”

“म्हणूनच नको.”

भरतला कळेना. पप्पूही काठी घेऊन जवळ आला होता, पण प्रसंग बघून मागेच थांबला. त्याच्या स्वभावाला हे कठीणच होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ही वाजली की मी तवा ठेवणार. परत्येक सुपारीला ठेवणार, मला ठावं हाय. मग जेवायला कोण येणार?”

भरतनं तोंड फिरवलं. बांगड्यांकडे बघत त्यानं विचारलं, “मग कुठली घ्यायची?”

“दुसरी.”

“ती आवडली तुमाला?”

“ती ऐकून मला काहीच वाटलं न्हाई. तीच घ्या.”

तिन्हींत खरोखर चांगली तीच होती, ही गोष्ट वेगळी. पप्पू तर हरखूनच गेला. वहिनींना लई कान हाय, असं तो रखमाजींना दोनदा सांगून आला. रखमाजींनी झांज कापडात गुंडाळली, वृषालीच्या हातात दिली आणि घासायला चिंच लावू नका म्हणाले. परतीच्या वाटेवर नारायणगाव मागे पडेपर्यंत तिचं आतलं पुन्हा पहिल्यासारखं बधिर झालं. तिला त्यात बरं वाटलं. आपण शहाणपणा केला असं तिला वाटलं.

रविवारी पार्टीची तालीम होती. दुपारी सेट टेम्पोवर चढवून पोरं देवळापुढच्या पटांगणात गेली. दिवस कलताना वृषाली दाराबाहेरच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. दाराच्या उंबऱ्याशी प्रयागबाई बसल्या होत्या. त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि केस नीट विंचरले होते. वृषालीनं ते पाहिलं होतं, पण विचारलं नाही.

ढोलाचा दणका जवळ यायला लागला. मग शाळेच्या वळणावर झांज वाजली. खणखणीत उघडली आणि वेळेवर मिटली. वृषालीचा हात थांबला नाही. ती कुणाचीही झांज असू शकली असती, कुठल्याही गावची. जुडीतली पिवळी पानं काढत ती तशीच बसून राहिली.

“कुणाची पार्टी गं ती?” प्रयागबाईंनी विचारलं.

“आपलीच हाय, आत्याबाई.”

“आपली?” म्हातारीनं मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा ऐकलं. “न्हाई गं. आपली नव्हं ती.”

“आपलीच. नवी झांज घेतली न्हाई का परवा.”

“भरत तर म्हणला व्हता, दादाच्याच आवाजाची बघाया चाललोय.” प्रयागबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “मी आपली दुपारपास्नं बसलीया हितं. म्हणलं, त्यो तर काय यायचा न्हाई. आवाज तरी यील.”

वृषालीच्या हातातली जुडी तशीच राहिली. घरात त्या झांजेची वाट बघणारी आपण एकटीच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. सासू उंबऱ्याशी का बसते, हे तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं, आणि जुन्नरला जाताना तिला विचारायचं तर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मेथी खाली ठेवून ती उठली आणि उंबऱ्यावर प्रयागबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तिला रडू यायला लागलं. ते अमृतसाठी नव्हतं, ह्या विंचरलेल्या केसांसाठी होतं, आणि ते थांबेना.

टेम्पो दारात आला. पप्पू अगदी रंगात येऊन वाजवत होता, शेजारची माणसं बाहेर येऊन बघत होती, कुणीतरी शिट्टीही मारली. प्रयागबाई उठल्या नाहीत. वृषालीच्या पाठीवर हात ठेवून त्या चाल संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

“चांगली वाजती,” त्या म्हणाल्या. “कुणाची का असंना.”