गाडी सीझ झाली होती

डेपोत तिला सगळे हळूबाई म्हणत. बावीस वर्षं तिनं बस चालवली, पण कुणाला साधा धक्का लागला नव्हता, आणि तिची बस वेळेआधी पोचल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. नव्या ड्रायव्हरांना शिकवायची जागा निघाली तेव्हा सगळे धरूनच चालले होते, की ही जागा हळूबाईची. यादी लागली आणि तिचं नाव त्यात नव्हतंच.

ती वर ऑफिसात गेली. निवड करणारे साहेब नवे होते, कागदाला कागद जुळल्याशिवाय चहाचा कपही न उचलणारे. त्यांनी फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. चार वर्षांपूर्वी वर्कशॉपनं इंग्रजीत शेरा मारला होता : गाडी पुलाजवळ सीझ झाली.

"ज्या ड्रायव्हरची गाडी जप्त होते, तिच्या हाती मी नवी मुलं कशी देऊ?" साहेब म्हणाले.

गाडी कुणी जप्त केली नव्हती, इंजिन जाम झालं होतं, हे तिनं परोपरीनं सांगितलं. साहेबांनी टेबलावरची छोटी डिक्शनरी तिच्यापुढे सरकवली. त्या शब्दापुढे एकच ओळ होती : बळजबरीने ताब्यात घेणे, जप्त करणे. हरकत घ्यायला उद्याचा दिवस आहे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

हळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची लेक ग्रंथालयात कामाला होती, तिला तिनं फोनवर सगळं सांगितलं. संध्याकाळी ती जाडजूड डिक्शनरी घेऊनच घरी आली आणि वाचू लागली. चोर पाकीट हिसकावतो तेही सीझ, सरकार माल उचलतं तेही, भीती माणसाला पछाडते तेही, माणूस आलेली संधी साधतो तेही. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात : यंत्राचे भाग एकमेकांना घट्ट धरून जाम होणे.

"आई, हेच पुस्तक घेऊन जा."

"पुस्तकाला पुस्तक दाखवलं की नुसता वाद होतो. मी वस्तूच दाखवते."

सकाळी वर्कशॉपच्या फोरमननं भंगारातून कॉम्प्रेसरचा जुना सिलिंडर शोधून दिला, आत पिस्टन अडकलेला. पोत्यात गुंडाळून तिनं तो स्वतःच दोन जिने वर नेला आणि साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवला. फोरमन मागे उभा होता.

"साहेब, एवढा पिस्टन बाहेर काढून द्या."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. ओढलं, पिळलं. शिपायानं सिलिंडर पोटाशी धरला आणि दोघांनी मिळून जोर लावला. घाम फुटला, पण पिस्टन जागचा हलला नाही.

"याला आमच्याकडे सीझ झाला म्हणतात," हळूबाई म्हणाली. "आता हा कुणी जप्त केलाय, तेवढं सांगा."

आधी शिपायाला हसू फुटलं, मग साहेबांना. पण साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. तेलाकडे लक्ष नसलं की इंजिन असं जाम होतं, मग चूक ड्रायव्हरचीच ना, असं त्यांनी विचारलं.

हळूबाईनं काखेतली त्या वर्षीची तक्रारवही उघडली. बस बंद पडण्याआधी दोनदा तिनं लिहून दिलं होतं, तेलाचा दाब कमी दाखवतोय. दोन्हीखाली फोरमनची सही होती.

फोरमननं मान खाली घातली. "पंप मागवला होता, आला नाही. तरी गाडी सोडली ती मी. बाईंनी बस अलगद कडेला घेतली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

साहेबांनी हाताचं ग्रीस पुसलं. मग त्यांनी शेऱ्यापुढे लिहिलं : यंत्रातील बिघाड, चालकाचा दोष नाही. तिला वाटलं, झालं काम. पण साहेबांनी नाकारलेल्या सगळ्या फाइली मागवल्या आणि तिला समोर बसवून घेतलं. आणखी तिघांच्या कागदांवर तोच शब्द निघाला. त्यातल्या एकाची बढती तर आधीच्या साहेबांच्या वेळेपासून, सहा वर्षं अडली होती.

दुपारी फळ्यावर नवी यादी लागली. शिक्षक म्हणून हळूबाईचं नाव, आणि खाली त्या तिघांचे शेरे दुरुस्त केल्याचा वेगळा आदेश. तिनं लेकीला फोन लावला, पण तोंड उघडायच्या आत आवारातल्या सगळ्या बसनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मग तिनं बोलायचा नाद सोडला आणि फोन हात उंच करून धरला.