करकोच्याचा होकार

सकाळी आठ वाजता तळ्याकाठी अडीचशे माणसं जमली होती आणि एक पक्षी मान कधी खाली घालतो याची वाट बघत होती.

पक्षी म्हणजे करकोचा. माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, अंगाने राखाडी, डोक्यावर लाल ठिपका. त्याच्यासमोर महाराज उभे होते. अंगात पायघोळ राखाडी झगा, डोक्यावर लाल टोपी. लांबून बघणाऱ्याला दोघांतले महाराज कोणते हे ठरवायला जरा वेळच लागे.

"विचारा," महाराज म्हणाले. "हा गेल्या जन्मी भूमापक होता. चाल बघा त्याची, पाऊल कसं मोजून टाकतो. जमिनीचं याच्यापासून काही लपत नाही."

एका शेतकऱ्याने विचारलं, बांधावरचं झाड माझंच ना? करकोच्याने लांब मान जमिनीपर्यंत नेली, वर आणली, पुन्हा नेली. शेतकरी धन्य झाला. मग त्याचा शेजारी पुढे आला आणि त्याने त्याच झाडाबद्दल तोच प्रश्न विचारला. करकोच्याने त्यालाही दोनदा लवून होकार दिला. शेजारीही धन्य झाला. मागून कुणीतरी पुटपुटलं, की असं कसं? महाराजांनी डोळे मिटले.

"झाड एक, सावल्या दोन," ते म्हणाले, आणि अडीचशे माणसांनी माना डोलावल्या.

महाराज पक्ष्याला घेऊन गावात आल्यापासून दोन महिन्यांत त्या पक्ष्याने कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. यंदा मक्यात रानडुकरं शिरणार नाहीत ना, या प्रश्नालाही तो लवला होता. तिसऱ्या दिवशी डुकरांनी सगळा मका आडवा केला. त्यावर महाराजांनी सांगितलं की होकार पक्ष्याचा होता, डुकरांना कुणी कळवलंच नव्हतं. हेही लोकांना पटलं. गावकचेरीतल्या कारकुनाने तर जमिनीच्या अर्जात नवा रकाना पाडला : पक्ष्याचे मत, होय किंवा नाही. पुढे 'नाही'ची गरजच पडेना, म्हणून शाई वाचवायला त्याने तो शब्द काढून टाकला. शिक्क्याच्या गादीवर करकोच्याचं पाऊल टेकवून ते अर्जावर उमटवून घेण्याचाही त्याने एकदा प्रयत्न केला होता. तेव्हापासून कारकुनाच्या अंगठ्याला पट्टी होती.

गर्दीपासून तीस पावलांवर, धुण्याच्या दगडांशी, एक बाई हे सगळं बघत चादरी पिळत होती. तिला गाव हळूबाई म्हणे, कारण तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. सकाळी तर तो मुळीच ऐकू येत नसे. उठल्यापासून पहिली दोरी कपड्यांनी पुरी भरेपर्यंत बोलायचं नाही, मनात फक्त देवाचं नाव, हे व्रत ती बावीस वर्षं पाळत होती. त्यामुळे महाराजांनी पुढे जे सांगितलं ते तिने मुकाट्याने ऐकलं.

महाराज म्हणाले, ही तळ्याकाठची दलदल दुःखी आहे. जमिनीला ओलेपणाचा कंटाळा आलेला आहे. तिला भराव हवा आहे, वर फरशी हवी आहे आणि फरशीवर एक साधनागृह, ज्यात बाहेरगावच्या साधकांसाठी भाड्याच्या छत्तीस खोल्या असतील. "मित्रा, खरं ना?" त्यांनी विचारलं. करकोचा लवला. मुरमाचे ट्रक महाराजांच्या आतेभावाकडे तयारच होते, हाही एक योगायोग.

गावसभेच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे मंगळवारची सभा जाहीर केली. लोक बोलत घरी निघाले. बेकरीवाल्याचं म्हणणं, बरं झालं, बेडूक रात्रभर झोपू देत नाहीत. निवृत्त ड्रायव्हरला तिथे गाड्या लावायला प्रशस्त जागा दिसत होती. एक म्हातारा शेतकरी तेवढा म्हणाला, की पावसाळ्यात वरचं पाणी ही दलदल पोटात घेते म्हणून खालची शेतं राहतात. पण त्याला बिचाऱ्याला पक्ष्याचा पाठिंबा नव्हता.

दलदलीच्या कडेची एक पट्टी मात्र गावाची नव्हती. धुण्याचे दगड आणि दोऱ्यांचे खांब होते ती पट्टी हळूबाईच्या आणि तिच्या नणंदेच्या नावावर होती. दोघींच्या सह्या झाल्या तरच भरावाचे ट्रक तिथून आत जाऊ शकत होते.

नणंद घरी इस्त्री करायची. पुढच्या खोलीत घोंगडी अंथरलेलं लांब टेबल, त्यावर एका कोपऱ्यात इस्त्रीच्या आकाराचा जुना डाग, भिंतीवर गिऱ्हाइकांच्या खुणेचे रंगीत दोरे. तीन वर्षांपूर्वी हळूबाईचा नवरा गेल्यापासून या दोघीच घर चालवत होत्या, एक धुणार, एक इस्त्री फिरवणार.

"मी सही करणार आहे," नणंद म्हणाली. "तूही कर."

"वन्सं, मग धुवायचं कुठे?"

"देव बघेल."

"देवाला धुणं बघायला लावायचं?" हळूबाईने हळूच विचारलं.

नणंदेने इस्त्री उभी करून ठेवली. मग तिने खरं कारण सांगितलं. महिन्यापूर्वी, गर्दी पांगल्यावर महाराज आणि पक्षी दोघेच उरले असताना, तिनेही प्रश्न विचारला होता. माझा भाऊ जिथे असेल तिथे सुखात आहे ना? आणि पक्षी लवला होता. "त्या दिवसापासून मला नीट झोप लागतेय. त्या पाखराला जागा नको म्हणू नकोस."

हळूबाई टोपलीतले कपडे टेबलावर काढत राहिली. पट्टी गेली तर पोट जाणार होतं. नाही म्हणावं तर नणंदेची झोप जाणार होती.

सोमवारी करकोच्याचं मौन असे. त्या दिवशी दर्शन नाही, प्रश्न नाहीत, महाराज जुन्या धान्यकोठारात दार लावून ध्यानात. गावाला यात गूढ दिसे. हळूबाईला त्यात फक्त धुणं दिसे, कारण महाराजांचा झगा एकच होता आणि तो सोमवारी तिच्याकडे येई. सोबत ताकीद असे, की झगा चार भिंतींत वाळवायचा, उन्हाने त्यातलं तेज उडतं.

त्या सोमवारी मागची खोली खानावळीच्या चाळीस टेबलक्लॉथनी भरून गेली होती. हळूबाईने मनात देवाची क्षमा मागितली आणि झगा बाहेर दोरीवर टाकला. टोपीचा आकार बिघडू नये म्हणून ती शेजारच्या खांबाच्या टोकावर चढवली. मग ती टोपलीकडे वळली. पंखांचा आवाज झाला म्हणून तिने मागे बघितलं.

करकोचा कोठाराच्या भिंतीवरून आला होता. तो झग्यासमोर उभा राहिला आणि जमिनीपर्यंत लवला. पुन्हा लवला. मग पंख पसरून त्याने एक उंच उडी मारली, चोचीत काटकी घेऊन हवेत उडवली आणि झग्याकडे असं बघितलं, की आता तुमची पाळी. झगा वाऱ्याने हलला. करकोचा आनंदाने वेडा झाला.

एखादीने किंचाळून गाव गोळा केलं असतं. पण हळूबाईची पहिली दोरी अजून भरायची होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि चार मोजे अडकवले. मग तिला सुचलं तसं तिने करून बघितलं. झगा काढून तिथे अध्यक्षांचा कोट अडकवला. करकोचा दुसरीकडे बघू लागला. कारकुनाचा रेनकोट लावला, तर पक्ष्याने पाठ फिरवली. झगा पुन्हा लावला, टोपी वर ठेवली, की स्वारी लवायला हजर. तिने झगा दोरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला, तर करकोचाही नाचत नाचत त्याच्याबरोबर गेला.

दोरी भरली. व्रत सुटलं. त्या दिवसाचं तिचं पहिलं वाक्य ती करकोच्याशीच बोलली. "अरे वेड्या," ती म्हणाली, "आत कुणी नाहीये."

दुपारी ती जनावरांच्या दवाखान्यात धुतलेले अ‍ॅप्रन द्यायला गेली. डॉक्टरीणबाई एका वासराच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्यांच्याभोवती एक बदकाचं पिल्लू फिरत होतं. नीट बघितल्यावर कळलं, की ते डॉक्टरीणबाईंभोवती नव्हे, त्यांच्या निळ्या बादलीभोवती फिरत होतं.

"अंड्यातून निघाल्यावर त्याने आधी बादली बघितली, मावशी," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "आता बादली हीच त्याची आई. मी कोण? बादली उचलणारी बाई."

हळूबाईने दोरीवरचा प्रकार सांगितला. डॉक्टरीणबाईंनी पट्टीची गाठ मारली आणि मग खाली बसून पोट धरून हसल्या. त्यांनी समजावलं ते असं : करकोच्याचं पिल्लू असंच जो आकार आधी बघेल त्याला आपला मानतं. कुणीतरी त्याला हा झगा-टोपी घालून अंड्यापासून वाढवलं असणार. लहानपणी तो झगा आई होता. पाखरू वयात आलं, आता झगा ही बायको आहे. करकोचे जोडीदारासमोर लवतात, उड्या मारतात, काटक्या उडवतात, ती त्यांची लग्नाची मागणी असते.

"म्हणजे ते होकार देत नाही," हळूबाई म्हणाली.

"ते होकार मागतंय, मावशी. दोन महिने मागतंय बिचारं."

मंगळवारी सभा भरली. कोठारापुढच्या अंगणात खुर्च्या, टेबल, टेबलावर सह्यांचा कागद. करकोचा आधीच येऊन मोजून पावलं टाकत होता. फक्त महाराज आले नव्हते. झगा इस्त्री होऊन आला नव्हता. हळूबाईने निरोप पाठवला होता, की सभेतच आणून देते. बावीस वर्षांत तिने एक रुमालही उशिरा दिला नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

ती आली ती कपडे वाळवायचा उंच लाकडी स्टँड घेऊन. स्टँड तिने अंगणाच्या मधोमध उभा केला, त्यावर झगा चढवला, वर टोपी ठेवली आणि ती बाजूला झाली. नणंद पहिल्या रांगेतून तिच्याकडे बघत होती.

करकोचा धावत आला आणि स्टँडपुढे लवला.

कारकुनाने सवयीने 'होय' लिहिलं, मग कोणत्या प्रश्नाला ते आठवेना म्हणून खोडलं. तेवढ्यात कोठाराचं दार उघडलं आणि एक माणूस बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर बाहेर आला. आधी लोकांना वाटलं, महाराजांचा स्वयंपाकी असेल. पण आवाज महाराजांचा होता. ते पक्ष्याला म्हणत होते, मित्रा, इकडे बघ. मित्राने बघितलं. असल्या पायजम्याशी त्याची ओळख नव्हती. महाराज स्टँडच्या आड येऊ लागले तशी त्याने त्यांच्या पोटरीवर चोच मारली, बायकोशी बोलताना मध्ये आलेल्या परक्या माणसाला मारावी तशी.

महाराज म्हणाले, झग्यात माझं तेज उतरलेलं आहे.

"धुतलाय मी," हळूबाई म्हणाली. "सोडा घालून. दोनदा."

आधी बेकरीवाला हसला. मग हसणं रांगांमधून मागे मागे गेलं. डॉक्टरीणबाईंनी उठून बादलीची आणि पिल्लाची गोष्ट सांगितली, काटकीचा अर्थ सांगितला. तेव्हा तर झाडाचे दोन्ही मालक एकमेकांच्या खांद्याला धरून हसले. त्या सकाळपासून एकाच झाडाचे मालक असल्याने त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून शांतता आणली आणि हळूबाईला विचारलं, की तिला आणखी काही सांगायचं आहे का.

ती स्टँडजवळ गेली. झग्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू येईल इतक्याच आवाजात तिने विचारलं, "तळं आणि दलदल जशी आहे तशीच राहू द्यायची ना?"

करकोचा लवला. दोनदा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनाने लेखणी उचलली. हळूबाईने हात वर केला.

"लिहू नका," ती म्हणाली. "हेही ऐकू नका. पाखराला दलदलीचं काय कळतं, त्याला झगा कळतो. मी देवाचं रोज करते. पण देवाने डोकं दिलंय ते वापरायलाच. उद्या काठीने पाणी मोजू. खालच्या शेतांचं बोलले त्या आजोबांना विचारू, दलदल नसती तर गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं असतं. बेडकांनी ज्यांची झोप मोडते त्यांनी खिडकी लावावी, पण तेच बेडूक डास किती खातात तेही डॉक्टरीणबाईंना विचारावं. आणि मग आपण ठरवू. ठरवलेलं चुकलं, तर आपलं चुकलं असं म्हणू."

अध्यक्षांनी सह्यांचा कागद घडी करून खिशात टाकला. महाराज कधी निघून गेले ते कळलंच नाही. मात्र बनियनवर गेले, एवढं बऱ्याच जणांनी पाहिलं.

घरी आल्याआल्या नणंदेने टेबल आवरलं. इस्त्री गरम करायला ठेवल्यावर पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "मग माझा भाऊ सुखात आहे की नाही? ते पाखरू तर झग्याला लवत होतं."

हळूबाईने टेबलाच्या दुसऱ्या बाजूने चादरीची दोन टोकं धरली. घडी घालायला दोघी लागतात.

"पुढचं मला माहीत नाही, वन्सं. तुम्हालाही नाही, त्या पाखरालाही नाही. पण शेवटच्या दिवशी त्यांचा हात तुमच्या हातात होता आणि ते झोपले तसे गेले. ते मी बघितलंय. जे बघितलंय त्यावर झोप येते का बघा."

नणंद वळली. मग तिने चादरीची तिच्याकडची टोकं धरली आणि हळूबाईच्या टोकांना आणून मिळवली.

महाराजांचा झगा कुणी न्यायला आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तो मागून घेतला. करकोच्याला एकदम एकटं पाडू नये म्हणून त्या रोज झगा दलदलीच्या आणखी थोडा आत नेऊन ठेवत, जिथे दुसरे करकोचे उतरतात तिथवर. एका सकाळी हळूबाई कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिने लांब पाण्यात दोन राखाडी माना एकमेकींसमोर लवताना बघितल्या. झगा बाजूला पडून भिजत होता. पहिली दोरी अजून भरली नव्हती, म्हणून ती बोलली नाही. नुसती हसली.