बोटाला कळेल असं

गोजराबाईंनी कढीला बेसन म्हणून पिठीसाखर लावली, तेव्हा मुलीच्या सासरची माणसं जेवायला आलेली होती. पाहुण्यांनी मुकाट्यानं कढी भुरकली. एकानं तर "गुजराती पद्धतीची आहे का?" असंही विचारलं. नंतर घरात सगळे पोट धरून हसले, गोजराबाईसुद्धा हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

"सुवर्णा, तूच बघ बाई आता," एवढंच त्या सुनेला म्हणाल्या आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

काचबिंदूनं त्यांची नजर पार अधू केली होती. समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. मखमलाबादच्या मळ्यात सगळा जन्म गुलाब आणि शेवंती खुडण्यात गेला. मळा धाकट्या चंदरच्या हाती देऊन त्या थोरल्या ज्ञानेशकडे इंदिरानगरला आल्या, तेही औषधपाण्यासाठी. इथं त्यांचं म्हणून काही होतं तर तो ओटा. आता तोही सुटला.

ज्ञानेश पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होता. लाकडावर कोरायचं एक छोटं लेझर मशीन त्यानं हौसेनं घेऊन बाल्कनीत मांडलं होतं. एक चौकट, तिच्यावर सरकणारं डोकं आणि त्यातून निघणारा निळा किरण. मित्रांना किल्ल्यांच्या कीचेन, शेजाऱ्यांना दारावरच्या पाट्या, असं त्याचं चालायचं. सुवर्णा त्याला "जळकं खूळ" म्हणायची.

आई दिवसभर नुसती बसलेली बघून त्याच्या डोक्यात आलं, की डब्यांवर नावं कोरून लावावीत. आई चौथीपर्यंत शिकली होती, अक्षरं तिला येत होती. त्यानं प्लायच्या चकत्यांवर 'मीठ', 'साखर', 'बेसन' असं सुबक कोरलं आणि एक चकती तिच्या हातात दिली.

"काय हाय हे?"

"बोट फिरव ना. 'बेसन' लिहिलंय."

तिनं फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मला तर नुसतं गुळगुळीत लागतं रे."

त्याच्या बोटाला तर अक्षर न् अक्षर लागत होतं. त्यानं आईचा हात हातात घेतला. काट्यांनी आणि खुरप्यानं बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. किती वर्षांनी आपण हा हात नीट धरतोय, हे त्याला आठवेना. अंगठ्यानं तो एकेक टोक चाचपत राहिला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. अजून खोल कोरतो."

त्यानं पॉवर चाळीस टक्क्यांवरून नव्वदवर नेली आणि स्पीड निम्म्यावर आणला. चकती काळी ठिक्कर पडली, अक्षरांच्या कडा जळून ढासळल्या. आईचं बोट काजळीनं माखलं. तिनं ते नाकाशी नेलं. "चुलीतून काढली का रे?" म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

रविवारी त्यानं एक मोठी पाटी घेतली. तिच्यावर लहान लहान चौकोन कोरायचे, खाली जाताना पॉवर वाढवायची, उजवीकडे सरकताना स्पीड कमी करायचा, म्हणजे कोणता चौकोन आईच्या बोटाला कळतो ते ठरवता येईल. आई शेजारीच बसणार म्हणाली. त्यानं तिच्या डोळ्यांवर मशीनचा चष्मा चढवला.

"मला कशाला? माझं राहिलंय काय त्यात?"

"राहिलंय तेवढं जपायचं," तो म्हणाला. चष्म्याची दांडी तिनं स्वतःच कानामागे नीट बसवली.

पाटी निवल्यावर बोट चौकोनाचौकोनावरून फिरू लागलं. "हा नाय... हा नाय... हा थोडका... हा! हा कळला बघ." तो सत्तर पॉवरचा, मध्यम स्पीडचा होता. तिथंच मशीनचं डोकं दोनदा फिरवलं की खोली वाढायची आणि जळायचंही कमी.

पण अक्षरं काही जमेनात. "वेलांटी न् मात्रा बोटाला कुठं सापडती? आन् त्या खाचेत पीठ बसंल ते येगळंच. मला उंच दे काहीतरी. पाकळी कशी लागते हाताला, तसं."

म्हणजे खूण ठेवायची आणि भोवतालचं सगळं जाळायचं. एवढी जागा जाळताना चकती तापून वाकली. मग त्यानं पॉवर उतरवली, स्पीड वाढवला आणि डोकं तीनदा फिरवलं. चकती सरळ राहिली.

खुणा आईनंच सांगितल्या. मिठाला एक खडा. हळदीला पान. तिखटाला मिरची.

"साखरेला मुंगी," ती म्हणाली.

"मुंगी कशी काढू?"

"तीन ठिपके काढ की, एकाला एक चिकटून. झाली मुंगी."

"आणि पिठीसाखरेला?"

"तिला मोठी फुली मार. त्या मेलीला मी हातच लावनार नाय."

चकत्या झाकणांवर लावायला तो निघाला, तर तिनं थांबवलं. "झाकणं बदलतात. डब्याच्या पोटाला लाव."

दोन दिवसांनी सुवर्णा नाशिक रोडच्या ऑफिसातून परतली, तर जिन्यातच फोडणीचा वास आला. आत गोजराबाई ओट्याशी उभ्या होत्या. एका हातानं डब्याचं पोट चाचपत, दुसऱ्या हातानं चमचा शोधत. सुवर्णा मदतीला पुढे झाली.

"बस तिकडं. हातपाय धू आधी."

सुवर्णा दारातच उभी राहिली. पर्स खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही.

वांग्याची भाजी जहाल झाली होती. तिघंही नाक पुसत जेवत होते.

"मिरची बरोबर सापडली," गोजराबाई म्हणाल्या, "पन चमचा भरून किती येतं ते नाय कळलं. उद्या कमी घालीन."

ज्ञानेशनं सुवर्णाकडे पाहिलं. "वाढा आई अजून थोडी," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं.